अकरा वर्षांचा पावणा

ज्या दिवशी आमच्या ह्यांची बोटं गेली, त्या दिवशी मी एका ब्लाऊजची बाही उलटी जोडली होती आणि ती उसवत बसले होते. सकाळचे साडेदहा वाजले असतील. उचगावात आमच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन, मागच्या खोलीत बाकीचा सगळा संसार. दारात मोटारसायकल थांबली आणि ह्यांच्या कारखान्यातले दोघं उतरले. त्यातला एक म्हणाला, "वहिनी, जरा चला. किरकोळ लागलंय."

आमच्याकडे 'किरकोळ' कशालाही म्हणतात. भिंत पडली तरी किरकोळ, पाय मोडला तरी किरकोळ. पण सांगणाऱ्याच्या शर्टावर रक्त होतं आणि तो माझ्याकडे न बघता त्या उसवलेल्या बाहीकडे बघून बोलत होता. मी चप्पल न घालताच गाडीवर बसले.

दवाखान्यात पोचले तेव्हा ह्यांना ऑपरेशनला न्यायची गडबड चालली होती. उजव्या हाताची मधली तीन बोटं पॉवर प्रेसखाली सापडली होती. अंगठा आणि करंगळी तेवढी वाचली. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. मी जवळ गेले. मला वाटलं, आता हे माझा हात धरतील, काहीतरी म्हणतील. म्हणालेही.

"अगं, डबा मशीनजवळच राहिला की. मटकीची उसळ हाय त्यात. वास मारंल."

मी तिथंच रडायला लागले. आजूबाजूच्या बायकांना वाटलं, बोटांसाठी रडतेय. खरं तर निम्मं रडणं त्या उसळीवरच्या रागाचं होतं.

ह्यांचा कारखाना म्हणजे हायवेच्या बाजूचं एक पत्र्याचं शेड. आठ माणसं. पत्र्याच्या पट्ट्या प्रेसखाली धरायच्या, पायडल दाबायचं, खालून वॉशर पडायचे. असं अकरा वर्षं चाललं होतं. त्या दिवशी ह्यांनी पट्टी सरकवायला हात आत घातला आणि पायडलवर पाय नसताना मशीननं आणखी एक ठोका दिला. एवढंच मला कळलं. जास्त विचारलं की हे म्हणायचे, "मशीन हाय, व्हायचंच." मशीन जणू माहेरचं माणूस होतं आणि त्याला नावं ठेवलेली ह्यांना खपत नव्हती.

मालक पहिल्याच दिवशी दवाखान्यात आले. पांढरी कडक इस्त्री, गळ्यात जाड चेन, मागे ड्रायव्हरच्या हातात सहा शहाळी. आवाज असा गोड की ऐकणाऱ्याला वाटावं, आपणच ह्या माणसाला त्रास देतोय. "वहिनी, मी हाय की. ह्यो माझा भाऊच समजा." दवाखान्याचं सगळं बिल त्यांनी भरलं, हे मी नाकारणार नाही. पुढं कोर्टातसुद्धा आम्ही ते नाकारलं नाही. पण घरी आल्यावर महिनाभरात त्यांचा फोन लागेनासा झाला. आधी वाजायचा आणि उचलला जायचा नाही, मग वाजायचाही बंद झाला. हे म्हणायचे, "कामात असतील." मी म्हणायचे, "व्हय, तुमची बोटं हुडकायच्या कामात असतील."

असं बोलायला नको होतं, पण मी बोलायचे. चिडचिड कुठंतरी निघायला हवी आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलगी कॉलेजात जायची, ती आल्यावर वडिलांना भाकरी कुस्करून द्यायची. डाव्या हातानं जेवायला ह्यांना सुरुवातीला इतकी लाज वाटायची की भिंतीकडं तोंड करून बसायचे. मी म्हटलं, "भिंतीला वाढू काय?" तेव्हा कुठं वळून बसले.

दीड महिन्यानं मालक स्वतःच घरी उगवले. हातात पेढ्यांचा बॉक्स आणि टाईप केलेला एक कागद. माझ्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसून म्हणाले, "पावणं, तुमास्नी गेटवर खुर्ची टाकून देतो. सावलीत बसायचं, आल्यागेल्याला नमस्कार करायचा, बास. ह्यो एक साधा कागद हाय, तेवढी सही करा."

पावणं म्हणायची त्यांना सवयच होती. सगळ्या कामगारांना ते पावणंच म्हणायचे. ह्यांचा चेहरा असा उजळला की जणू गेटवर नव्हे, कलेक्टर कचेरीत खुर्ची मिळाली. लगेच पेन शोधायला लागले. मी कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला. 'कारखान्यात काम करताना माझ्याच निष्काळजीपणामुळे मला इजा झाली असून माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही व यापुढे मी काहीही मागणी करणार नाही.'

"सही कशी करणार?" मी म्हटलं. "उजवा हात तर बांधलाय."

"अंगठा चालंल की डावा," मालक म्हणाले.

"अंगठा?" मी पदर खोचला. "नववी शिकलेला माणूस हाय, मालक. अंगठा उठवला तर गल्लीत तोंड कसं दाखवायचं आमी? हात बरा होऊ दे, झोकात सही करत्यात बघा."

ह्यांनासुद्धा ते पटलं. नववीचा अभिमान ह्यांना दहावी नापास झाल्यापासून जरा जास्तच आहे. मालक उठले. पेढे ठेवून गेले, कागद मात्र आठवणीनं घेऊन गेले. मी स्वतःवर फार खूश होते. हुशारी केली म्हणून चार बायकांना सांगितलं. पुढं वकीलबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो ताई, 'कारखान्यात काम करताना' असं त्यांनीच टाईप केलेलं होतं. तो एक कागद ठेवून घेतला असता तर निम्मी केस तिथंच झाली असती!"

गेटवरची खुर्ची काही आली नाही.

ह्या वकीलबाई म्हणजे माझ्याच गिऱ्हाईक. कोर्टात कामगारांच्या केसेस चालवायच्या. पांढऱ्या ब्लाऊजांशिवाय त्यांनी माझ्याकडे कधी काही शिवलं नाही, आणि प्रत्येक वेळी काखेत घट्ट होतंय म्हणून तक्रार केली. त्या एकदा ब्लाऊज न्यायला आल्या तेव्हा हे कोपऱ्यात बसून डाव्या हातानं धाग्याची रिळं लावत होते. बाईंनी हाताकडं बघितलं आणि सरळ विचारलं, "कुठं गेली बोटं?" मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कामावर असताना इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. उपकार नाहीत ते, कायदा आहे. उद्या कागदपत्रं घेऊन या."

कागदपत्रं! पगार हातात मिळायचा. पावती नाही, ओळखपत्र नाही, हजेरीचं कार्ड नाही. आठच माणसं म्हणून सरकारी विमासुद्धा नाही. ह्यांनी दिवसभर विचार करून पुरावा म्हणून काय काढलं, तर दिवाळीत मालकांनी दिलेला स्टीलचा डबा. त्यावर कारखान्याचं नाव कोरलेलं होतं. मी तो घासूनपुसून बाईंच्या ऑफिसात नेला. बाईंनी झाकण उघडून आत बघितलं, बंद केलं आणि शांतपणे म्हणाल्या, "डबा चांगला आहे."

अपंगत्वाचा दाखला काढायला सरकारी दवाखान्यात दोन खेपा झाल्या. डॉक्टरांनी हात उलटसुलट केला, राहिलेली बोटं वाकवायला लावली आणि म्हणाले, "तीस टक्के."

"म्हंजे सत्तर टक्के अजून हाय मी?" ह्यांनी विचारलं.

डॉक्टर हसले. हे हसले नाहीत, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या दिवसापासून घरात भांडण झालं की मी म्हणते, उरलेल्या सत्तर टक्क्यांनी तरी नीट बोला.

अर्ज दाखल झाला, तारखा सुरू झाल्या. तारखेला निघताना हे गल्लीत सांगायचे, "दवाखान्यात चाललोय." केस केल्याची ह्यांनाच लाज. कोर्टाच्या व्हरांड्यात मालक दिसले की हे उठून उभे राहायचे आणि डावा हात कपाळाला लावायचे. एकदा तर पुढं होऊन त्यांना बसायला आपली जागा दिली. मालकही बसले! मी वकीलबाईंकडे बघितलं, बाईंनी छताकडे बघितलं. नंतर मला म्हणाल्या, "ताई, तुमचे मिस्टर आपल्या बाजूचे आहेत ना?"

मग मालकांचं लेखी म्हणणं आलं. बाईंनी ते आम्हाला त्यांच्या ऑफिसात वाचून दाखवलं. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. 'अर्जदार हा सामनेवाले यांचा लांबचा पाहुणा असून तो सदर दिवशी सहज भेटीस आला होता व कुतूहलापोटी त्याने मशीनमध्ये हात घातला.'

मला हसूच फुटलं. सकाळी सातला डबा घेऊन भेटायला जाणारा पाहुणा! पण ह्यांच्याकडं बघितलं आणि माझं हसू विरलं. बोटं गेली त्या दिवशीही हे असे दिसले नव्हते. बाईंच्या टेबलावरच्या काचेकडं एकटक बघत बसले होते. घरी आलो. चहा दिला, तो तसाच गार झाला. मग म्हणाले, "मी पावणा?"

मी गार चहा उचलून परत गरम करायला ठेवला.

"अकरा वर्षं पावणा म्हणून गेलतो व्हय मी? पावण्याला कोण दसऱ्याला मशीन पुसायला लावतंय? माझ्या बापाच्या दहाव्याला त्यो माणूस आलता. तवा काय पावण्याच्या घरी आलता?"

पुढच्या तारखेला निघताना शेजारच्या आजींनी विचारलं, "दवाखाना व्हय?" हे म्हणाले, "न्हाय. कोर्टात. मालकावर केस केलीया." आजींच्या हातातली चाळण खाली पडली.

आता साक्षीदार हवा होता. ज्या दोघांनी मला मोटारसायकलवरून नेलं होतं, त्यांच्याकडं गेले. एक म्हणाला, "वहिनी, पोरंबाळं हायत." दुसरा घरात असून बायकोनं बाहेर गेलेत म्हणून सांगितलं, त्याच्या चपला दारात होत्या. मी रागावले नाही. त्यांच्या जागी आमचे हे असते तर पलंगाखाली लपले असते.

शेवटी कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाकडं गेलो. त्यांना सगळे मामा म्हणतात. लेथवर काम करतात, ऐकायला जरा कमी येतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि ओरडूनच म्हणाले, "मी काय कोर्टात येणार न्हाय. माझी दोन वर्षं ऱ्हायलीत." मग तंबाखू मळता मळता ह्यांच्याकडं बघून म्हणाले, "पर त्यो बोर्ड कुठं हाय? मालकाच्या वाढदिसाचा? तुझा फोटू हाय की त्यात."

चार वर्षांपूर्वी मालकांचा पन्नासावा वाढदिवस झाला होता. तेव्हा हायवेच्या कोपऱ्यावर हा मोठा डिजिटल बोर्ड लागला होता. मध्ये मालक, डोळ्यावर गॉगल, एक बोट आभाळाकडं, मागं डरकाळी फोडणारा वाघ. खाली दोन ओळींत गोल गोल फोटो आणि त्याखाली 'शुभेच्छुक : समस्त कामगार वर्ग.' मी स्वतः तो बघायला गेले होते, कारण ह्यांचा फोटो पहिल्यांदाच कुठंतरी छापून आला होता.

"त्यो बोर्ड पुढं कुठं गेला?" मी विचारलं.

"ह्यानंच नेला की," मामा म्हणाले.

मी ह्यांच्याकडं वळले. हे डोकं खाजवत म्हणाले, "व्हय. तुझ्या भावाला दिला न्हवं का. वैरणीवर टाकायला."

"अवं, मग सहा महिने झाले पुरावा हुडकतोय आपण! बोलायचं न्हाय?"

"मला कुणी इचारलं, बोर्ड कुठाय म्हणून?"

माझा भाऊ मुरगूडला असतो. दोन म्हशी, थोडा ऊस. दुसऱ्याच दिवशी एसटीनं आम्ही तिथं गेलो. गोठ्यामागं वैरणीची गंज होती आणि तिच्यावर, दोरीनं आवळून, वर जुने टायर ठेवून, मालक आडवे झोपले होते. चार पावसाळे अंगावर घेतलेले. भावाला सांगितलं, हा बोर्ड पाहिजे. तो म्हणाला, "आणि वैरण भिजली तर? कोर्ट येणार हाय व्हय झाकायला?" नवी ताडपत्री आणून देईपर्यंत त्यानं दोरीला हात लावू दिला नाही. मुरगूडच्या बाजारातून ताडपत्री आणली, तेव्हा मालक खाली उतरले.

बोर्ड अंगणात पसरला. गॉगलची एक काच फाटली होती, वाघाचा जबडा रेडकानं चाटून चाटून पांढरा केला होता. पण कारखान्याचं नाव शाबूत होतं, खालच्या दोन्ही ओळी शाबूत होत्या. दुसऱ्या ओळीत तिसरे, केस चापूनचोपून बसवलेले आमचे हे. खाली नाव आणि नावाखाली 'प्रेस ऑपरेटर.'

ह्यांनी डाव्या हातात घासणी घेतली आणि बोर्ड धुवायला बसले. मी पाणी ओतत होते. माझी वहिनी दारात उभी राहून हसत होती, कारण हे स्वतःचा फोटो सोडून आधी मालकांचं तोंड घासत होते. "नाकाजवळ जपून गं," मला म्हणाले, "फाटलंय थोडं." ज्यानं पावणा म्हटलं त्याचं नाक जपणारा माणूस माझ्या नशिबी आलाय, हे मी त्या अंगणात कायमचं मान्य करून टाकलं.

एसटीत बोर्डची वळकटी मांडीवर घेऊन बसलो. शेणाचा वास काही पुरता गेला नव्हता. पुढच्या बाकावरच्या बाईनं दोनदा वळून बघितलं आणि तिसऱ्यांदा नाकाला पदर लावून जागा बदलली. वकीलबाईंनी बोर्ड बघितला आणि मी त्यांना पहिल्यांदा मनापासून हसताना पाहिलं. त्यांनी बोर्ड छापणाऱ्याला शोधून त्याच्याकडूनही बोर्ड छापल्याचा कागद मिळवला आणि बोर्ड, कागद दोन्ही कोर्टात दिलं.

साक्षीच्या आधी बाईंनी ह्यांची दोन दिवस तयारी करून घेतली. विचारेल तेवढंच बोला. मालकांचं कौतुक करू नका. हे मान डोलवायचे. आणि साक्षीला उभे राहिल्यावर पहिलं वाक्य काय? "साहेब, मालक माणूस चांगला हाय."

मी पदर तोंडाला लावला. बाईंनी पेनाचं टोपण दोनदा उघडून दोनदा बंद केलं.

मालकांचे वकील उभे राहिले. वयस्कर, आवाज मऊ. "तुम्हाला कोणी बोलावलं नसताना तुम्ही त्या मशीनजवळ गेलात?"

"मशीन माझंच हाय की, साहेब."

"मशीनला हात आत जाऊ नये म्हणून गार्ड असतं, माहीत आहे?"

"व्हय. पर ते न्हवतं. मीच काढलंतं."

एवढ्या दिवसांत हे मला कधी बोलले नव्हते. बाईंनाही नाही, त्यांच्या तोंडावरूनच दिसत होतं. मालकांच्या वकिलांचा चेहरा खुलला. "म्हणजे सुरक्षेसाठी बसवलेलं गार्ड तुम्ही स्वतःच्या हातानं काढलंत."

"व्हय, ह्याच हातानं." ह्यांनी उजवा हात वर केला. "मालक म्हणाले, गार्डमुळं माल कमी निघतोय, काढून टाक. मी म्हटलं, मालक, ऱ्हाऊ द्या. तर म्हणाले, तुला काय कळतंय, काढ. मग मी पाना मागितला. सोळा-सतराचा. त्यो पण मालकांनीच दिला, ऑफिसातनं आणून."

वकील खाली बघून कागद चाळायला लागले. न्यायाधीशांनी टाईप करणाऱ्या बाईंना सगळं शब्दाला शब्द घ्यायला सांगितलं. मग चष्म्यावरून वकिलांकडं बघून विचारलं, "भेटीला आलेल्या पाहुण्याला पाना कशासाठी दिला होता?" वकील म्हणाले, अर्जदार खोटं बोलतोय. तेही टाईप झालं.

बाहेर आल्यावर कोर्टासमोरच्या गाड्यावर चहा घेतला. मी विचारलं, "गार्डचं मला का सांगितलं न्हाय?"

ह्यांनी डाव्या हातानं कप फिरवला. "काढलं तर मीच न्हवं. तुला वाटलं असतं, ह्यानं सोताच्या हातानं बोटं घालवली."

दीड वर्ष मी ह्यांना भित्रा म्हणत होते. मालकासमोर उठून उभे राहतात म्हणून टोमणे मारत होते. आणि हे मनात स्वतःलाच दोषी धरून बसले होते. ज्याच्यावर केस केली त्याच्याहून जास्त दोषी. मी त्यांच्या कपात माझा उरलेला चहा ओतला. "गार गेलाय," ते म्हणाले. "प्या गुमान," मी म्हटलं.

मालकांची उलटतपासणी दोन तारखांनंतर झाली. दोन पट्टेवाल्यांनी बोर्ड उलगडून धरला. खोली लहान, बोर्ड मोठा. मालक स्वतःसमोरच उभे होते, एका काचेच्या गॉगलनिशी.

"हे कोण?" वकीलबाईंनी विचारलं.

"मी."

"वाढदिवस कितवा?"

"पन्नासावा." मालकांची मान किंचित ताठ झाली.

"बोर्ड छान आहे. मित्रमंडळींनी लावला का?"

इथं मालकांनी नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तर आमचं काय झालं असतं, कोण जाणे. पण माणसाला आपल्या बोर्डाचं कौतुक असतंच. "मित्रांनी न्हाय," ते म्हणाले. "माझ्या कामगारांनी लावलाय, प्रेमानं. न सांगता."

"ह्या दोन ओळींत सगळे कामगारच?"

"सगळे. बाहेरचा एक न्हाय."

"मग दुसऱ्या ओळीतले हे तिसरे कोण?"

मालकांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला. बोर्डाकडं बघितलं, मग आमच्याकडं. हे नेहमीच्या सवयीनं उठून उभे राहणार, एवढ्यात मी ह्यांचा शर्ट मागून धरला.

"त्यो… त्यो पावणा," मालक म्हणाले.

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. ते बोर्डावरची अक्षरं वाचत होते, 'प्रेस ऑपरेटर', आणि लिहीत होते.

निकाल लागायला आणखी बऱ्याच तारखा गेल्या. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा मालकांचे वकील आजारी, एकदा कोर्टाची वीज गेली. पण लागला. आमचे हे कामगार होते, इजा काम करताना झाली, भरपाई व्याजासकट द्यावी. वकीलबाईंनी ते वाचून दाखवलं तेव्हा हे म्हणाले, "'कामगार होते' तेवढं परत वाचा की." बाईंनी परत वाचलं.

मालक म्हणत होते, वरच्या कोर्टात जाणार. पण वर जायचं तर आधी रक्कम कोर्टात भरावी लागते, असं बाईंनी सांगितलं. ती त्यांनी भरली आणि मग वर जायची हौस राहिली नसावी. अर्जापासून पैसे हातात येईपर्यंत साडेतीन वर्षं गेली. मुलीची नर्सिंगची फी भरली आणि पिको-फॉलचं एक मशीन घेतलं.

एका रविवारी मामा आले, रिटायर झाल्याचे पेढे घेऊन. ओरडून म्हणाले, "सगळ्या प्रेसला गार्ड बसवल्यात आता! काढंल त्याला घरी पाठवीन म्हणतोय मालक." ह्यांना भरपाईच्या दिवशी एवढा आनंद झाला नव्हता. मामांना दोनदा चहा केला. मग हळूच विचारलं, "माझ्या मशीनवर आता कोण हाय?" मामांना ऐकू गेलं नाही. ह्यांनी परत विचारलं नाही.

पिकोच्या मशीनवर आता हे बसतात. शिकायला आठ महिने लागले. पहिल्या दहा साड्यांच्या कडा नागमोडी झाल्या आणि त्या सगळ्या मलाच नेसाव्या लागल्या. डावा हात, उजव्याचा अंगठा आणि करंगळी, एवढ्यावर कापड असं काही पुढं सरकवतात की बघत राहावं. सावकाश चालतात. गिऱ्हाईक घाई करायला लागलं तर म्हणतात, "घाई असंल तर दुसरीकडं जावा." आणि बायका जात नाहीत. परवा लग्नघरातल्या एक बाई नऊ साड्या घेऊन आल्या आणि माझ्याकडं न देता सरळ ह्यांच्यासमोर ठेवून म्हणाल्या, "भावजींनीच करायच्या. तुमच्या हातची कड लवकर सुटती, वहिनी."

खरं आहे. ह्यांची शिलाई माझ्यापेक्षा सरळ येते. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि एवढ्यात सांगणारही नाही.